पाठीचा कणा, ब्रेस आणि तासांचा हिशेब

नवरात्रीच्या आधी पर्वत पाटियाला शिवणवाल्यांकडे किती गर्दी असते, ते सुरतच्या मंडळींना सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी अशाच गर्दीत वहिनी माझ्या पुतणीला चणियाचोळीचं माप द्यायला घेऊन गेल्या होत्या. पोर तेव्हा अकरा वर्षांची. शिवणवाल्या बेनने दोनदा टेप लावला, तिसऱ्यांदा लावला आणि म्हणाली, “बेन, आ बाजु ऊंची छे.” उजवा खांदा डाव्यापेक्षा वर होता. वहिनींना वाटलं, पोर नीट उभी राहत नाही. “सरळ उभी राहा गं” म्हणून त्यांनी तिला दटावलं. बेनने बिचारीने चोळी एका बाजूने थोडी वाढवून शिवली, आणि आमच्याकडे ती नवरात्र मजेत पार पडली.

पुतणीचं नाव मी इथे लिहीत नाही. लेख लिहायला परवानगी देताना तिने तीच अट घातली आहे. लिहून झाल्यावर तिने तो वाचला आणि दोन ठिकाणी खोडलाही.

दिवाळीनंतर तिला एका डॉक्टरांकडे दाखवलं. पाठीवरचा शर्ट वर न करताच त्यांनी सांगितलं, “वाढीचं वय आहे, दप्तर जड असतं, पोक काढून बसू नकोस.” कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. आम्ही सगळे खूश. सहा महिने घरात फक्त एकच वाक्य ऐकू यायचं, “ताठ बस!” ती ताठ बसायची. तरी काही होत नव्हतं, आणि होणारही नव्हतं, हे आम्हाला नंतर कळलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एके दिवशी माझी आई तिच्या डोक्याला तेल लावत होती. पोर पुढे वाकून बसली होती. उजव्या बाजूचं खुब्यासारखं पाठीचं हाड डाव्यापेक्षा बरंच वर आलेलं आईला दिसलं. आई घाबरली की अहिराणीत बोलते. “पोरनी पाठ वाकडी कशी व्हयनी वं?” असं तिने वहिनींना विचारलं, आणि त्या आठवड्यात आम्ही हाडांच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिला पाय जुळवून, गुडघे न वाकवता, हात खाली सोडून पुढे वाकायला लावलं आणि मागून पाठ पाहिली. इंग्लंडमधले विल्यम अ‍ॅडम्स यांनी १८६५ साली सांगितलेली ही तपासणी. दीडशे वर्षं झाली, अजून तीच करतात. तिला मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत, अर्ध्या मिनिटात होते. माझ्या आईने नकळत तीच केली होती.

मग एक्स-रे. एकतीस अंश.

आता हा अंश म्हणजे काय ते सांगतो, कारण आमच्या घरी पहिले दोन दिवस कोणालाच कळला नव्हता. पाठीचा कणा मागून पाहिला तर सरळ रेषेत हवा. तो बाजूला वळतो आणि वळताना मणके स्वतःभोवती थोडे पिळलेही जातात, त्याला स्कोलिओसिस म्हणतात. एक्स-रेवर बाकाच्या वरच्या टोकाचा सर्वात कललेला मणका आणि खालच्या टोकाचा सर्वात कललेला मणका घ्यायचा, दोघांना रेषा काढायच्या आणि मधला कोन मोजायचा. न्यूयॉर्कचे डॉ. जॉन कॉब यांनी १९४८ साली ही रीत मांडली, म्हणून हा कॉब कोन. दहा अंशांपासून पुढे स्कोलिओसिस धरतात. किशोरवयातल्या शंभरातल्या दोन-तीन मुलामुलींना तो असतो, पण बहुतेकांचा लहानच राहतो. मोठा होणारा बाक मुलींमध्ये कितीतरी जास्त दिसतो. पन्नास अंशांपुढे गेला तर तो मोठेपणीही वाढत राहण्याची शक्यता असते, म्हणून त्या सुमारास ऑपरेशनचं बोलणं सुरू होतं. सळ्या आणि स्क्रू घालून मणके एकमेकांना जोडून टाकायचे.

कारण? बहुतेक मुलांमध्ये सापडत नाही. नावातच ‘इडिओपॅथिक’ आहे, म्हणजे कारण माहीत नसलेला. दप्तराने होत नाही, पोक काढल्याने होत नाही, मोबाइलने होत नाही. हे ऐकल्यावर वहिनी दवाखान्याच्या पायऱ्यांवरच रडल्या. सहा महिने पोरीला उगाच बोललो म्हणून.

पण आमच्यासमोर खरा प्रश्न पुढचाच होता. डॉक्टर म्हणाले, एकतीस अंश आहे आणि वाढ बरीच बाकी आहे. कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर हाड किती तयार झालं, त्यावरून शून्य ते पाच असा एक आकडा देतात, रिसर म्हणतात त्याला. तिचा शून्य होता. त्यांनी ब्रेस सुचवला. दिवसाला अठरा तास, वाढ थांबेपर्यंत, म्हणजे दोन-तीन वर्षं. प्लास्टिकचं एक कवच, काखेखालून कमरेपर्यंत, मागे पट्टे. बाकाच्या फुगीर बाजूला आतून गाद्या दाब देतात, समोरच्या बाजूला कणा सरकायला मोकळी जागा ठेवलेली असते.

आणि हे सगळं सुरतमध्ये, मे महिन्यात.

त्या रात्री घरात सभा भरली. आईचं म्हणणं, गावाकडे एक जण हाडं बसवून देतो. दादाचं कपड्याच्या मार्केटमध्ये काम, तिथल्या कोणीतरी त्याला सांगितलं होतं की पट्ट्याने काही होत नाही, लोक उगाच पैसे काढतात. वहिनींना वर्गातल्या मुलींची काळजी. पोरीला कोणी काही विचारलं नाही. मी इंजिनिअर, बी.ई. करून चौदा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तू नेटवर बघ, खरंच उपयोग होतो का.”

मी बघितलं. आणि माझी झोप उडाली, कारण दादाच्या मार्केटवाल्या मित्राचा संशय अगदीच खुळा नव्हता.

ब्रेस जुनी गोष्ट आहे. अमेरिकेत वॉल्टर ब्लाउंट आणि अल्बर्ट श्मिट यांनी १९४०च्या दशकाच्या मध्याला मिलवॉकी ब्रेस तयार केला. सुरुवातीला तो पोलिओमुळे पाठ वाकलेल्यांना ऑपरेशननंतर आधार म्हणून होता. त्याला गळ्याभोवती कडं असायचं, हनुवटीपर्यंत. १९७०च्या दशकात बोस्टनला जॉन हॉल आणि विल्यम मिलर यांनी गळ्याचं कडं नसलेला, कपड्याखाली झाकता येणारा ब्रेस आणला. हजारो मुलींनी वर्षानुवर्षं हे घातले. पण ब्रेसमुळेच बाक थांबला, की तो तसाही थांबणार होता, याचं भक्कम उत्तर एकविसाव्या शतकाची दहा-बारा वर्षं गेली तरी नव्हतं. काही अभ्यास हो म्हणत, काही नाही. ज्याने ब्रेस घातला आणि ज्याने घातला नाही त्यांची तुलना करायची, तर मुळात दोन्ही गट सारखे हवेत, आणि तेच नीट जमलेलं नव्हतं.

ते जमवायचा मोठा प्रयत्न अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचे डॉ. स्टुअर्ट वाइनस्टीन आणि लोरी डोलन यांनी केला. २००७ पासून अमेरिका आणि कॅनडातल्या २५ रुग्णालयांत, दहा ते पंधरा वर्षांची मुलं, बाक २० ते ४० अंश, वाढ शिल्लक असलेली. आमच्या पोरीसारखीच. कल्पना अशी की नाणेफेकीसारखं चिठ्ठीने ठरवायचं, कोणाला ब्रेस आणि कोणावर नुसती नजर ठेवायची.

पालकांनी नकार दिला. सगळ्यांनी नाही, पण इतक्यांनी की अभ्यास अडला. मी हे घरी वाचून दाखवलं तर दादा लगेच म्हणाला, “बरोबर केलं. माझ्या पोरीच्या पाठीवर मी नाणं उडवू देणार नाही.” त्याच दादाला थोड्या वेळापूर्वी ‘पक्का पुरावा’ हवा होता. हसू नका, तुम्ही-मीही हेच केलं असतं. शेवटी संशोधकांनी मार्ग काढला. चिठ्ठी मान्य असेल त्यांची चिठ्ठी, नसेल त्यांनी स्वतः निवडावं, आणि दोन्ही गटांचा हिशेब ठेवायचा. एकूण २४२ मुलं झाली. ११६ चिठ्ठीने, १२६ आपल्या पसंतीने.

निकाल २०१३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. खरं तर अभ्यास ठरल्यापेक्षा आधीच थांबवला, कारण ब्रेसचा फायदा इतका स्पष्ट दिसला की अर्ध्यांना ब्रेसशिवाय ठेवणं योग्य वाटेना. ब्रेसवाल्या गटात ७२ टक्के मुलांची वाढ पूर्ण होईपर्यंत बाक पन्नास अंशांच्या आत राहिला. नुसती नजर ठेवलेल्या गटात ४८ टक्के. फक्त चिठ्ठीवाले घेतले तर ७५ विरुद्ध ४२.

मी विजयी चेहऱ्याने आकडे सांगितले. वहिनींनी शांतपणे विचारलं, “म्हणजे शंभरातल्या अठ्ठेचाळीस पोरी ब्रेस न घालताही ठीक राहिल्या?” हो. “आणि घालूनसुद्धा अठ्ठावीस जणींचा वाढला?” हो. “मग आपली कोणत्यात?”

वहिनी बारावी कॉमर्स. माझ्या ऑफिसमध्ये आकड्यांची मोठमोठी प्रेझेंटेशन्स होतात, इतका नेमका प्रश्न तिथे क्वचितच कोणी विचारतं. उत्तर एवढंच की ते आधी सांगता येत नाही. अभ्यासाचा हिशेब असा निघतो की तीन जणींनी ब्रेस घातला तर त्यातली एक पन्नास अंशांपासून वाचते. उरलेल्या दोघींना त्याने फरक पडत नाही, पण घालावा तिघींना लागतो. रिसर शून्य, एकतीस अंश, म्हणजे आमच्या पोरीला धोका कमी नव्हता. दुसऱ्या दिवशी दादाच म्हणाला, घालू.

तेव्हा कुठे कोणीतरी पोरीला विचारलं. ती म्हणाली, “नवरात्रीत काढायला मिळेल का?”

माप द्यायला फ्लाइंग राणीने मुंबईला गेलो. पहाटेची गाडी, दादा, वहिनी, पोर आणि मी. ब्रेस बनवणाऱ्याला ऑर्थोटिस्ट म्हणतात, हा शब्दही आम्हाला नवा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही जुनी संस्था आहे, कृत्रिम अवयव आणि ब्रेस बनवण्याचं काम तिथे चालतं. ज्यांना खासगीचा खर्च जड जातो त्यांनी तिथे जरूर चौकशी करावी. आमच्या ब्रेसला एका चांगल्या मोबाइलइतके पैसे गेले. घातल्यावर पुन्हा एक्स-रे काढतात, आत कोन किती कमी झाला ते बघायला. तो छान कमी झाला होता. दादाला वाटलं, झालं काम. पण ब्रेस काढला की कणा बराचसा पुन्हा वळतो. ब्रेसने बाक सरळ होईल अशी आशा धरायची नाही, वाढ होईपर्यंत तो धरून ठेवायचा एवढंच.

इथून पुढचं सांगताना मला थोडं अवघड वाटतं.

आयोवाच्या अभ्यासातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी मुलांच्या सांगण्यावर विसंबून न राहता ब्रेसमध्ये तापमानाची नोंद करणारा छोटा सेन्सर बसवला होता. दर पंधरा मिनिटांनी नोंद. २८ अंश सेल्सिअस किंवा जास्त असेल तर ब्रेस अंगावर आहे असं धरायचं. त्यातून कळलं की सांगितलेले अठरा तास फार थोडे घालतात, आणि जास्त तास घालणाऱ्यांना फायदा जास्त. दिवसाला सहा तासांपर्यंत घालणारे जवळजवळ न घालणाऱ्यांसारखेच. सरासरी १२.९ तासांच्या वर घालणाऱ्यांमध्ये मात्र ९० ते ९३ टक्के यश. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी की किती तास घालायचे ते काही चिठ्ठीने ठरलं नव्हतं. जे नियमाने घालतात त्यांचं बाकीचंही वेगळं असू शकतं. तरीही आकडा डोक्यात बसला. तेरा तास.

मी ऑनलाइन एक तापमानाचा सेन्सर मागवला, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढा. आणि पोरीला न सांगता ब्रेसच्या आतल्या गादीच्या कडेला चिकटवला.

आठ दिवसांनी नोंदी काढल्या. चोवीस तास, सातही दिवस, ब्रेस अंगावर! अंघोळीच्या वेळीसुद्धा. मग ट्यूब पेटली. आयोवात खोलीचं तापमान वीस-बावीस असतं. तिथे २८ म्हणजे अंगाची ऊब. पर्वत पाटियाच्या आमच्या फ्लॅटमध्ये मे महिन्यात दाराच्या खुंटीला टांगलेला ब्रेससुद्धा तेहेतीस अंशांवर असतो. त्यांचा नियम आमच्या घरात निरुपयोगी होता. मी दुसरा सेन्सर खोलीत लावला आणि दोघांतला फरक मोजायला लागलो. अंगावर असताना आतलं तापमान वरखाली न होता स्थिर राहतं, त्याचाही उपयोग झाला. एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. मला फार मजा येत होती, हे कबूल करतो.

नवा आकडा आला तो अकरा तासांचा. घरात सगळे समजत होते अठरा. मी तो जेवताना सगळ्यांसमोर सांगितला.

पोर उठली, ब्रेस काढला, गादीखालून सेन्सर उचकटला आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला. “काका, मी खोटं बोलते असं वाटलं तर मला विचारायचं ना.” पुढे पाच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ब्रेसही त्या दिवसांत तिने किती घातला, देव जाणे. तिला शत्रू वाटेल असं जे करू नये तेच मी केलं होतं.

त्या पाच दिवसांत मी आणखी वाचलं. टेक्सासमधल्या डॅलसच्या स्कॉटिश राइट रुग्णालयात नेमका हाच प्रश्न तपासला होता, २०१६ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांच्याच ब्रेसमध्ये सेन्सर होते. एका गटाला भेटीच्या वेळी आकडे दाखवून त्यावर बोललं जायचं, दुसऱ्या गटाला आकडे दाखवले जात नव्हते. ज्यांना दाखवले त्यांनी दिवसाला सरासरी तीन तास जास्त घातला. सेन्सर दोघांकडे तोच. एका गटातल्या मुलांना आपले आकडे कळत होते, दुसऱ्या गटात ते फक्त डॉक्टरांकडे राहत होते.

सहाव्या दिवशी मी माफी मागितली आणि लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. प्रोग्रॅम कसा चालतो ते दाखवलं. ती बराच वेळ आलेख बघत बसली, मग रात्रीच्या एका खड्ड्यावर बोट ठेवून म्हणाली, “हे काय?” रोज रात्री दीड-दोनच्या सुमारास ब्रेस निघत होता आणि सकाळी पुन्हा चढत होता. तिला स्वतःलाच ते आठवत नव्हतं. उकाड्याने झोपेतच ती पट्टे सोडत असावी. म्हणजे ती खोटं बोलतच नव्हती. तिच्या समजुतीप्रमाणे ती रात्रभर ब्रेसमध्ये झोपत होती.

दादाने त्याच आठवड्यात आपल्या खोलीतला एसी काढून पोरीच्या खोलीत लावला. आजही तो आणि वहिनी पंख्याखाली झोपतात. वहिनींनी मार्केटमधून पातळ सुती होजियरी आणून लांब बनियनं शिवून घेतली, शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे आत टोचत नाही. दिवसातून दोनदा बदलायची. ऑर्थोटिस्टने ब्रेसखाली तेल-पावडर लावू नका म्हणून बजावलं होतं, तरी आईचा खोबरेल तेलाचा हात काही आवरत नव्हता. तिला आता फक्त डोक्याला तेल लावायची परवानगी आहे. महिन्याभरात सरासरी पंधरा तासांवर आली. अठरा कधीच झाली नाही. डॉक्टरांना खरा आकडा सांगितला, ते रागावले नाहीत.

शाळेत पहिले पंधरा दिवस वाईट गेले. त्याबद्दल मी लिहिलं होतं, ते तिने खोडलं.

नवरात्रीत ब्रेस रोज संध्याकाळी चार तास सुट्टीवर जातो. चोळी आता पाठ झाकणारी आहे, तिने स्वतः डिझाइन निवडलं. त्याच बेनकडे शिवतो. बेनला आता ठाऊक आहे, ती माप घेताना आधी पुढे वाकायला सांगते. गेल्या वर्षी तिने दुसऱ्या एका मुलीच्या आईलाही डॉक्टरांकडे पाठवलं.

तुमच्या घरी नऊ-दहा ते चौदा-पंधरा वर्षांची मुलं असतील तर तेवढं तुम्हीही करून पाहा. वाकवून मागून पाठ बघायची. एक बाजू वर दिसली, एक खांदा किंवा कमरेची एक बाजू वर दिसली, तर ‘ताठ बस’ न म्हणता हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. शाळाशाळांत सरसकट तपासणी करावी का, यावर जगात एकमत नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ साली त्यासाठी पुरावा पुरेसा नाही असंच म्हटलं आहे, कारण त्यात पुष्कळ मुलांना नको ते एक्स-रे आणि नको ती भीती मिळते. पण घरी तेल लावताना पाठीकडे एकदा लक्ष देण्यात कोणाचं काही जात नाही.

आमचे एक्स-रे असे आले: ३१, २९, ३३, ३०. तेहेतीस आला तेव्हा घरात जेवण झालं नाही. डॉक्टरांनी समजावलं की कोन मोजण्यातच पाच अंशांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं, वेगळ्या माणसाने रेषा काढली तरी. त्यामुळे २९ आला म्हणून पेढे वाटण्यातही अर्थ नव्हता, पण आईने वाटले होते. रिसर आता तीन आहे. उंची चौदा सेंटिमीटर वाढली, बाक मात्र जागेवर आहे. ब्रेसमुळे की तसाही राहिला असता, वहिनींच्या त्या प्रश्नाचं उत्तर आजही माझ्याकडे नाही.

आता नोंदी ती स्वतः काढते. प्रोग्रॅममध्ये तिने एक बटण वाढवून घेतलं आहे, ‘आज सुट्टी’. ते दाबलं की त्या दिवसाचा हिशेब सरासरीत धरला जात नाही. मी म्हटलं, हे बरोबर नाही, सुट्टीचा दिवसही मोजायला हवा. ती म्हणाली, “मग दोन सरासऱ्या दाखव. एक माझी, एक तुझी.” तशा दाखवतो. पुढचा एक्स-रे जानेवारीत आहे. तारीख तिने उत्तरायणाच्या नंतरची घेतली आहे, कारण त्या दिवशी ती सकाळपासून गच्चीवर असणार आणि ब्रेस खाली खुंटीला.